भोगवर्धनची वाट आणि सायकलचे चाक

महाराष्ट्रात सायकलवरून लांबच्या प्रवासाचा विषय निघाला की बोलणे आपोआप कोकणाकडे वळते. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राला धरून जाणारा रस्ता, वाटेत आडव्या येणाऱ्या खाड्या, आगरदांडा–दिघी किंवा दाभोळ–धोपावे येथे फेरीबोटीत सायकल चढवून पलीकडचा तीर गाठणे, जांभ्याचे गडगे आणि सुरूची बने : या मार्गाची वर्णने आता मराठीत पुष्कळ झाली आहेत. ती वाचताना आनंद होतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु हीच वर्णने वाचताना एक प्रश्नही मनात राहतो. किनाऱ्याची वाट ‘प्रवासाची वाट’ ठरली आणि घाटावरची, विशेषतः मराठवाड्यातली, वाट केवळ ‘जाण्यायेण्याचा रस्ता’ राहिली, असे का झाले? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही जालना जिल्ह्यातील भोकरदन हे गाव निवडले आहे. समुद्रापासून ते शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही त्याचा इतिहास समुद्राला वगळून सांगता येत नाही.

केळणा नदीच्या काठावरचे आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आले. त्यांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भग्न भाग होता. त्याचे महत्त्व कळण्यासाठी इटलीपर्यंत जावे लागते. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनचा तुकडा आणि ती मूर्ती यांचे साम्य अभ्यासकांच्या लगेच ध्यानी आले. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे घडली याविषयी मतभेद आहेत. पण मराठवाड्यातील या पठाराचा आणि भूमध्य समुद्राचा काही संबंध होता, याविषयी शंका राहत नाही.

हा संबंध कोणत्या वाटेने जुळला? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवृत्तात पैठणचा आणि तेरचा उल्लेख येतो. बरुगझा, म्हणजे भडोच बंदर, तेथून दक्षिणेस पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून पूर्वेस तेर दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो निनावी लेखक सांगतो. माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून बंदरावर आणला जाई, असेही नोंदवतो. येथे अंतराचे माप कोसांत नाही, दिवसांत आहे. पैठण आणि भडोच यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. वाटेची वळणे आणि घाट हिशेबात धरले तर बैलगाडीची रोजची मजल वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आसपास पडत असावी. सामान लादून निघालेला आजचा सायकलस्वार दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटर जातो. मोटारीच्या प्रवासात मुक्काम ही अडचण असते. सायकलस्वाराला मात्र पाणी कोठे मिळेल, सावली कोठे आहे, ऊन कलण्यापूर्वी कोणते गाव गाठायचे, याच हिशेबाने चालावे लागते. या अर्थाने सायकल हे एकोणिसाव्या शतकातले यंत्र असले तरी ते आपल्याला तांड्यांच्या आणि गाड्यांच्या मापाकडे परत नेते. जुन्या वाटा समजून घ्यायच्या तर या मापाची ओळख असलेली बरी.

भोगवर्धन उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरही होते. सुत्तनिपातात बावरीचे शिष्य पैठणहून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा असा प्रवास करतात. भोगवर्धन त्याच दिशेला पडते. सांची येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. त्याच सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केले, असा लेख आहे. हस्तिदंत कोरणारे कारागीर आणि त्यांच्या कलेशी ओळख असलेले भोगवर्धनचे नागरिक एकाच वास्तूच्या दगडावर भेटतात. या दात्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. ‘अमक्या गावच्या अमक्याचे दान’ एवढाच मजकूर त्यांनी मागे ठेवला. परंतु त्या एका ओळीमुळे दोन हजार वर्षांनंतरही ती वाट आपल्याला काढता येते.

वाट कशी हरवते आणि कशी सापडते, याचे याच परिसरातले दुसरे उदाहरण बरेच अलीकडचे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा केळणेच्या पलीकडे होत्या. नदीला उतार नाही, असे आर्थर वेलस्लीच्या वाटाड्यांनी त्याला सांगितले. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे, इंग्रजी वृत्तान्तांतील पिंपळगाव आणि वरूर, त्याला दिसली. इतक्या जवळच्या दोन गावांत येणेजाणे असणारच, आणि येणेजाणे असेल तर उतारही असणार, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला. त्याचे सैन्य तेथूनच पार झाले आणि त्या दिवशी मराठ्यांचा पराभव झाला. इंग्रजांच्या बाजूलाही दीड हजारांहून अधिक माणसे मेली अथवा जखमी झाली.

युद्धशास्त्राच्या पुस्तकांत या प्रसंगाचे श्रेय सेनापतीच्या नजरेला दिले जाते. आमचे लक्ष त्या उताराकडे जाते. तो कोणी पाडला? माहेरी जाणाऱ्या लेकीसुनांनी, बाजारकऱ्यांनी, गुराख्यांनी आणि सोयरिकी जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली ही वाट कोणत्याही कागदावर नव्हती. ती कागदावर आली ती एका परक्या सेनापतीच्या विजयामुळे. ज्यांच्या पायांनी ती घडली त्यांच्यापैकी एकाचेही नाव तिच्याशी जोडलेले नाही.

सायकलप्रवासाच्या इतिहासातही हेच घडले आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटरांचा प्रवास संपवून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांनी आपल्या प्रवासाचे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि म्हणून आज त्यांची आठवण निघते. पायी प्रवासाचे मराठीतले उदाहरण विष्णुभट गोडसे यांचे. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. त्याने मागाहून हकिकत लिहून ठेवली, ती चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली, म्हणून ‘माझा प्रवास’ आपल्या हाती आहे. गोडसे भटजींबरोबर त्याच रस्त्यांवर आणखी किती माणसे चालत होती, हे सांगणारे कोणी नाही.

विसाव्या शतकात मराठवाड्याच्या खेड्यांतून सायकल चालवणाऱ्यांची संख्या लहान नव्हती. पोस्टमन होते, दूधवाले होते, कॅरिअरला बोचकी बांधून आठवडी बाजार करणारे कापडविके होते, एका गावी राहून दुसऱ्या गावी शिकवायला जाणारे प्राथमिक शिक्षक होते. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात सायकल चालवणे म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक. चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो, चाक फिरेनासे होते आणि मग सायकलस्वार सायकलवर नसतो, सायकल त्याच्या खांद्यावर असते. उन्हाळ्यात बाभळीचा काटा ट्यूबमध्ये शिरतो. किनाऱ्यावरच्या सायकलस्वाराला खाडी अडवते आणि फेरीबोट पार नेते. येथे अडवणारी गोष्ट पायाखालची माती असते आणि तिला फेरीबोट नाही. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, तेव्हा अनेक घरांतल्या मुलीने पहिल्यांदाच गावाची शीव स्वतःच्या बळावर ओलांडली. हा प्रवास नव्हे असे कोण म्हणेल? तरी आपल्या प्रवासवर्णनांत या चाकांचा माग फारसा उमटलेला नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. गरजेपोटी केलेली ये-जा आणि हौसेचा प्रवास एकाच तागडीत का घालावा? आक्षेप रास्त आहे. रोज आठ कोस सायकल मारणाऱ्या गुरुजींना तुम्ही मोठे प्रवासी होता असे सांगितले तर ते हसतील. मात्र भोगवर्धनचा दाताही बहुधा हौसेने फिरत नव्हता. व्यापार, यात्रा आणि पुण्य यांत त्याने फरक केला असेल असे वाटत नाही. गरजेचा प्रवास इतिहासातून वगळला तर वाटांचा बहुतेक इतिहासच वगळावा लागेल.

म्हणून कोकणाच्या वाटेइतकीच ही वाटही सायकलस्वारांनी आणि अभ्यासकांनी धरावी, असे आम्हांला वाटते. जालन्याहून निघून राजूरच्या गणपतीवरून भोकरदन, तेथील नदीकाठची कोरीव लेणी, असईचे रण, अन्व्याचे जुने शिल्पसमृद्ध मंदिर आणि पुढे अजिंठ्याचा डोंगर, असा हा मार्ग आहे. हिवाळ्यात, ज्वारी उभी असताना आणि माती कोरडी असताना तो सुखाचा होतो. परंतु केवळ स्थळे पाहून परतू नये. वाटेतल्या प्रत्येक गावी सायकलवर नोकरी केलेले एखादे निवृत्त शिक्षक, एखादे पोस्टमन अजून भेटतील. मोटारसायकली आल्यावर त्यांच्या सायकली माळ्यावर गेल्या, आणि ती माणसेही आता थकली आहेत. कोणत्या ओढ्याला कोठे उतार होता, कोणत्या गावी दुपारचे पाणी मिळे आणि कोणत्या घरी मिळत नसे, हे त्यांना विचारून लिहून घ्यावे. साहित्याच्या विद्यार्थ्याला यासाठी वही, थोडी चिकाटी आणि चालू स्थितीतली एक सायकल एवढे पुरे आहे.