छत्र आणि छत
बेंगळुरूच्या रेल्वे स्टेशनजवळ गुब्बी तोटदप्पा या व्यापाऱ्यानं १९०३ मध्ये वाटसरूंसाठी छत्र उघडलं. कन्नडमधलं छत्र म्हणजे आपली धर्मशाळा. पण वाटसरूला परतायला घर असतं, बेघराचं काय?

२०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष सांगत होता: लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायमचा निवारा. २०११ ला बेंगळुरू महापालिका हद्दीत ८४ लाख लोक होते. म्हणजे ८४ निवारे हवेत, तितके नाहीत.

मग जागा संपल्यावर दारात आलेल्याला काय सांगावं? मला वाटतं, ‘उद्या बघू’ असं खोटं सांगू नये. बसवावं, पाणी द्यावं, नाव विचारावं, आणि परत पाठवलेल्याचीही नोंद ठेवावी. पुढचा निवारा मागताना तीच नोंद कामी येते.