रुजू होण्यापूर्वीचा करारभंग
नियुक्तिपत्रावर दस्तखत केल्यानंतर, परंतु प्रत्यक्ष कामावर रुजू होण्यापूर्वी, उमेदवाराने वा मालकाने त्या बंधनातून अंग काढून घेणे. ब्रिटिश अमदानीत 1859च्या कामगार करारभंग अधिनियमान्वये, उचल घेऊन कामास नकार देणाऱ्या मजुरास दंडाधिकारी कामाचा हुकूम देई, आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेत टाकू शके. दिवाणी वचनभंगास फौजदारी शिक्षा लावणारा हा अन्याय्य कायदा 1925 साली रद्द झाला. आता 1963च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमानुसार व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय बळाने पाळावयास लावीत नाही. 1872च्या करार अधिनियमाखाली वाजवी नुकसानभरपाई तेवढी मागता येते. मालकाने शब्द फिरविल्यास उमेदवारासही तोच हक्क असला, तरी जुनी नोकरी सोडून बसलेल्याची हानी पैशाने क्वचितच भरून येते.

डिचोली तालुक्यातील सुर्ल्यासारख्या, लोहखनिजावर पोसलेल्या गावात प्रश्न निराळाच उद्भवतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018मध्ये गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरविले व 16 मार्चपासून तेथील उत्खनन थांबले. करारानंतर ते कामच याप्रमाणे बेकायदेशीर ठरल्यास करार अधिनियमाच्या कलम 56 प्रमाणे करार शून्य होतो, आणि घेतलेली उचल मात्र कलम 65 प्रमाणे परत करावी लागते.