गळ टाकणाऱ्यांनी राखलेली नदी

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा होती आणि आठवीच्या वर्गात उत्तर अमेरिकेच्या नद्यांचा धडा चालला होता. बोलता बोलता मी मुलांना सांगून गेलो की, मिसिसिपी नदीच्या वरच्या भागात सुमारे चारशे वीस किलोमीटर लांबीचा एक राखीव पट्टा आहे. तेथील पक्षी, मासे आणि पाणथळ जमीन सरकार सांभाळते. आणि तो राखावा म्हणून पहिली हाक जर कोणी दिली असेल, तर ती शिकाऱ्यांनी आणि गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांनी. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, जो मारतो तोच राखतो, हे कसे काय?" इतक्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. श्रोतेहो, ते उत्तर देण्याचा प्रयत्न आज आपणांपुढे करतो.

प्रथम ती नदी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. मिनेसोटा राज्यातील वाबाशा या गावापासून इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड शहराच्या जवळपासपर्यंत मिसिसिपी उंच कड्यांच्या मधून वाहते. दोन्ही बाजूंचे कडे एकमेकांपासून बरेच लांब आहेत आणि त्यांच्या मधल्या सखल भागात नदी एका पात्राने वाहत नाही. तिचे असंख्य फाटे फुटतात. बेटे, डोह, दलदली, पाण्यात उभी असलेली झाडे, असा तो सारा विस्कळीत संसार आहे. वसंत ऋतूत वरचे बर्फ वितळून पूर आला की, पाणी या सखल जमिनीवर पसरते आणि मासे अंडी घालण्यासाठी त्या उथळ, उबदार पाण्यात शिरतात. पूर ओसरला की पिलांपैकी पुष्कळशी मागे राहिलेल्या डबक्यांत अडकतात. उन्हाने डबके आटत जाते आणि लक्षावधी पिले तडफडून मरतात. सरकारच्या मत्स्यखात्याची माणसे उन्हाळ्यात जाळी घेऊन हिंडत आणि ही पिले धरून पुन्हा वाहत्या पाण्यात सोडीत. हे काम कित्येक वर्षे चालले होते.

या माशांत आणखी एका धंद्याचा जीव गुंतला होता. आयोवा राज्यातील मस्कटीन येथे नदीतील शिंपल्यांच्या गुंड्या पाडण्याचे कारखाने होते. एके काळी जगभरच्या सदऱ्यांच्या गुंड्यांचा मोठा वाटा या एका गावातून जात असे. आता शिंपल्याची गंमत अशी की, त्याची पिले जन्मल्यावर काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासा नाही तर शिंपला नाही, शिंपला नाही तर गुंडी नाही! सृष्टीतील अशी एखादी साखळी सापडली की वर्गातील मुलांचे चेहरे उजळतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या नदीचे दैन्य उघड दिसू लागले. बाजारात विकण्यासाठी हजारोंनी पाखरे मारणाऱ्या धंदेवाईक बंदूकवाल्यांनी आकाश रिकामे करीत आणले होते. ज्या प्रवासी कबुतरांच्या थव्यांनी एके काळी सूर्य झाकला जाई, त्या जातीतील शेवटची मादी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ज्यांनी तरुणपणी ते थवे पाहिले होते, त्यांच्यापैकी अनेक जण त्या वेळी हयात होते. शहरांचे सांडपाणी बिनदिक्कत नदीत जात होते. पण सर्वांत मोठे संकट निराळेच होते. पाणथळ म्हणजे पडीक जमीन, ती उपसून कोरडी करावी आणि नांगराखाली आणावी, असे त्या काळी सगळ्यांनाच वाटे. नदीच्या खालच्या अंगाला बांध घालून अशा कितीतरी जमिनी सुकविण्यात आल्या होत्या. पाणी गेले, त्याबरोबर मासे गेले आणि बदकेही गेली.

१९२२ च्या जानेवारी महिन्यात शिकागो शहरात ५४ माणसे एकत्र जमली. सारी गळाची शौकीन. बहुतेक व्यापारधंद्यातील, शहरी. त्यांनी एक संघ स्थापन केला आणि त्याला आयझॅक वॉल्टन याचे नाव दिले. सतराव्या शतकातील लंडनचा हा दुकानदार. गळाने मासे कसे धरावे यावर त्याने १६५३ साली एक पुस्तक लिहिले आणि त्या एका पुस्तकाने तो अमर झाला. वॉल्टन श्रद्धाळू गृहस्थ होता. प्रभू येशूने आपले पहिले शिष्य मासेमारांमधून निवडले, या गोष्टीचा त्याला फार अभिमान वाटे. आमच्या वस्तीतील जी मंडळी रविवारची मिसा आटोपताच गरी आणि आमिषाचा डबा घेऊन नदीवर गरवायला जातात, त्यांना मी हे मुद्दाम सांगितले नाही. त्यांना आयतेच निमित्त मिळायचे!

या संघाचा पहिला अध्यक्ष विल डिल्ग. जाहिरातीचा धंदा करणारा हा मनुष्य वर्षातील कित्येक दिवस वरच्या मिसिसिपीवर बास नावाच्या झुंजार माशाच्या मागे घालवीत असे. जाहिरातवाल्याचे सारे गुण त्याच्यात होते आणि सारे दोषही. त्याने संघाचे मासिक काढले, नामांकित लेखकांकडून त्यात लिहवून घेतले, गावोगावी शाखा उघडल्या. थोड्याच वर्षांत सभासदांची संख्या लाखावर गेली. त्यापूर्वी अमेरिकेत शिकाऱ्यांच्या संस्था नव्हत्या असे नाही. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बून आणि क्रॉकेट क्लब काढला होता आणि यलोस्टोनच्या रक्षणासाठी त्याने मोलाचे काम केले होते. परंतु तो मोजक्या, वजनदार माणसांचा क्लब होता. वॉल्टन संघात गावचा न्हावी, दंतवैद्य, किराणा दुकानदार यांना वर्गणी भरून बसता येत होते. माझ्या मते हा फरक लहान नाही. मोठ्या माणसाच्या शब्दाने एखादा कायदा होऊ शकतो. पण नदीच्या काठाकाठाने चार राज्यांत मन वळवायचे तर गावोगावची माणसेच लागतात.

परीक्षेची वेळ लवकरच आली. १९२३ साली विस्कॉन्सिन आणि आयोवा यांच्या दरम्यानची विनेशीक नावाची विस्तीर्ण पाणथळ उपसून शेतीखाली आणण्याचा बेत पुढे आला. विनेशीक हे हो-चंक जमातीच्या एका मुखियाचे नाव. १८३७ च्या तहाने त्या लोकांची विस्कॉन्सिनमधील भूमी गेली आणि पुढे त्यांना पुनःपुन्हा तेथून हाकलण्यात आले. ज्या जमिनीला पुढे 'सार्वजनिक' म्हटले गेले, ती आधी कोणाची होती, हे इतिहास शिकविणाऱ्याला विसरता येत नाही. संघाच्या मासिकात या प्रश्नावर फारसा प्रकाश पडला असेल असे मला वाटत नाही.

डिल्गची कल्पना अशी की, ही एकच पाणथळ वाचवून भागणार नाही. वाबाशापासून रॉक आयलंडपर्यंतचा सारा सखल पट्टा केंद्र सरकारने विकत घ्यावा. कल्पना अफाट होती. कित्येकांनी ती हसण्यावारी नेली. पण डिल्ग राजधानीत ठाण मांडून बसला. गळकऱ्यांच्या जोडीला महिला मंडळांचा महासंघ उभा राहिला. मासे मारण्याशी त्या भगिनींचा काही संबंध नव्हता. पक्षी आणि रानफुले वाचावीत एवढीच त्यांची इच्छा. त्या वेळचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर हे स्वतः गळाचे मोठे षौकीन आणि मत्स्यखाते त्यांच्याच हाताखाली. त्यांचाही पाठिंबा मिळाला. अखेर ७ जून १९२४ रोजी अध्यक्ष कूलिज यांनी कायद्यावर सही केली. जमीनखरेदीसाठी पंधरा लक्ष डॉलरांची तरतूद झाली. मात्र सरासरीने एकराला पाच डॉलरांहून अधिक किंमत द्यायची नाही, आणि त्या त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती घेतल्याशिवाय खरेदी करायची नाही, अशा अटी होत्या. पाच डॉलरांत जमीन मिळेना, तेव्हा ती मर्यादा पुढे वाढवावी लागली.

या कायद्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. राखीव क्षेत्र म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे कुंपण आणि 'प्रवेश बंद'ची पाटी उभी राहते. येथे तसे नव्हते. नियम पाळून गळ टाकण्यास आणि ठरावीक हंगामात शिकार करण्यास मोकळीक राहिली. टीकाकार म्हणाले, ही तर आपल्याच ताटावर वाढून घेण्याची युक्ती! त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मात्र ताट त्यांच्या एकट्याचे राहिले नाही. ज्याने जन्मात बंदूक धरली नाही त्यालाही त्या बेटावर नाव लावून बसण्याचा तेवढाच हक्क मिळाला.

स्वतः डिल्गला या यशाचा उपभोग फार काळ घेता आला नाही. त्याला पैशांचा हिशेब ठेवणे कधी जमले नाही. खर्च वाढत गेला, सहकारी वैतागले आणि १९२६ साली संघाने आपल्याच संस्थापकाला अध्यक्षपदावरून दूर केले. १९२७ साली तो निवर्तला. सार्वजनिक कार्यात अशी उदाहरणे आपल्याकडेही उणी नाहीत. ज्याच्या उत्साहाने संस्था उभी राहते त्याच्याच उत्साहाने ती कर्जात जाते.

संघ मात्र टिकला. वायोमिंगमधील जॅक्सन होल या खोऱ्यात हिवाळ्यात एल्क जातीची मोठी हरणे चाऱ्यावाचून मरत. संघाच्या लोकांनी वर्गणी काढून तेथील १,७६० एकर गवताळ जमीन विकत घेतली आणि ती १९२७ साली सरकारच्या स्वाधीन केली. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरील सरोवरांच्या अरण्यात खाजगी मालकीची जी ठाणी अडकून पडली होती, ती विकत घेण्यासाठी १९४३ साली त्यांनी निधी उभारला आणि हजारो एकर वनखात्याला दिले. १९३४ पासून तर अमेरिकेत पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येक प्रौढाला एक खास तिकीट विकत घ्यावे लागते. त्याचा पैसा पाणथळ जमिनी घेण्याकडे जातो. पहिल्या तिकिटाचे चित्र आयोवातील व्यंगचित्रकार डार्लिंग यांनी काढले होते. त्याची किंमत एक डॉलर होती आणि पहिल्याच वर्षी सहा लाखांहून अधिक तिकिटे खपली.

आपल्याकडे वाट निराळी होती. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान ठाऊक आहे. ती शिंदे सरकारांची शिकारीची रमणी होती. कोल्हापूरकडील दाजीपूरचे रानही छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले. तेथे रान वाचले ते राजाच्या हुकमाने. प्रजेला त्यात बोलायला जागा नव्हती. १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. तरीही बंगळूरच्या हौशी मासेमारांनी कावेरीच्या एका टप्प्यावर रखवालदार नेमून महसीर माशाला सुरुंगाच्या दारूपासून वाचविण्याची खटपट केली होती. ती वॉल्टनच्याच जातकुळीची म्हणावी लागेल.

तर त्या मुलाच्या प्रश्नाला मी पुढच्या शनिवारी जे उत्तर दिले ते असे: नदीत काय उणे झाले हे घाटावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत नाही. पहाटे चारला डोहावर जाऊन बसणाऱ्याला आधी कळते. गेल्या वर्षी येथे मासा होता, यंदा नाही, हे त्याला हाताला जाणवते. आता हे जाणवल्यावर तो उरलेले ओरबाडून घेईल की चार माणसे गोळा करील, हे काही गळावर अवलंबून नाही. त्या नदीवर दोन्ही प्रकारची माणसे होती. मुलाचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. त्याने एवढेच विचारले की, मग ती नदी आता सुरक्षित आहे ना?

तेही उत्तर सरळ देता येत नाही. १९३० साली अमेरिकन संसदेने मालवाहू नावांसाठी नऊ फूट खोलीचा जलमार्ग मंजूर केला. वॉल्टन संघाने विरोध केला. तो चालला नाही. पुढील दहा वर्षांत नदीवर धरणांची आणि दरवाज्यांची रांग उभी राहिली आणि ज्या सखल जमिनी वाचविण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांतील कितीतरी कायमच्या पाण्याखाली गेल्या. आरंभी या नव्या उथळ तळ्यांत पाणवनस्पती माजल्या आणि बदके वाढली. पण लाटांनी हळूहळू बेटे खाल्ली आणि गाळाने डोह भरले. १९८६ सालच्या कायद्यान्वये गाळ उपसून ती बेटे पुन्हा रचण्याचे काम हाती घेण्यात आले आणि ते अद्यापि चालू आहे. आज राखीव क्षेत्र सुमारे दोन लक्ष चाळीस हजार एकरांचे आहे. शरद ऋतूच्या अखेरीस उत्तरेकडून हंस आणि कॅनव्हासबॅक बदके तेथे उतरतात आणि पाणी गोठेपर्यंत मुक्काम करतात. त्यांना पाहण्यासाठी माणसे दुर्बिणी घेऊन काठावर उभी असतात; थोड्या अंतरावर, जेथे परवानगी आहे तेथे, तिकीट घेतलेला शिकारी बोरूच्या बनात नाव लपवून बसलेला असतो.