मार्टिन ल्यूथर आणि ईश्वरभयाची संकल्पना : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी भाषेत ‘भित्रा’ हा शब्द दोषवाचक आहे. परंतु ‘पापभीरू’ हे विशेषण सन्मानाने लावले जाते. भय एका ठिकाणी दुर्बलता ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी सद्गुण. ख्रिस्ती धर्मविचारात हाच पेच ‘ईश्वराचे भय’ या संकल्पनेभोवती दीर्घकाळ उभा राहिलेला दिसतो. ज्याला पिता म्हणून हाक मारावयाची, त्याचे भय का बाळगावे? आणि शिक्षेच्या भीतीने केलेला पश्चात्ताप खरा मानावा काय? सोळाव्या शतकातील युरोपात हे प्रश्न केवळ तात्त्विक राहिले नाहीत. त्यांवर चर्चसंस्थेचे ऐक्य पणाला लागले. प्रस्तुत निबंधात मार्टिन ल्यूथर (1483-1546) याच्या जीवनाच्या व लेखनाच्या आधारे या संकल्पनेच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी : दोन प्रकारची भये

बायबलमध्येच या विषयासंबंधी दोन स्वर आढळतात. ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथात परमेश्वराचे भय ज्ञानाचा प्रारंभ मानले आहे, तर योहानाच्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रेम भयाला घालवून देते असे प्रतिपादन आहे. मूळ हिब्रू शब्द ‘यिरआ’ याच्या अर्थकक्षेत धास्ती आणि आदर दोन्ही येतात. त्यामुळे अर्थनिर्णयाचा प्रश्न भाष्यकारांपुढे प्रथमपासूनच होता.

या दोन वचनांचा मेळ घालण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न संत ऑगस्टीन (354-430) याने केला. योहानाच्या पत्रावरील प्रवचनांत त्याने सुई-दोऱ्याचा दृष्टान्त दिला. सुई आधी शिरते, पण ती बाहेर पडल्याखेरीज दोरा आत येत नाही; त्याचप्रमाणे भय प्रेमाला वाट करून देते व स्वतः निघून जाते. तेथेच त्याने दोन पत्नींचे उदाहरणही घेतले. एकीला पती अचानक येईल याची भीती वाटते, दुसरीला तो सोडून जाईल याची. पहिले भय दंडाचे, दुसरे वियोगाचे. मध्ययुगीन विद्यापीठांतून हाच विचार अधिक काटेकोर झाला. टॉमस अक्वायनस (1225-1274) याने दास्यभय व पुत्रभय यांचे सविस्तर विवेचन केले. दास मालकाच्या चाबकाला भितो. पुत्र पित्याला दुखावण्यास भितो.

एर्फुर्टमधील संन्यासी

ल्यूथरच्या धार्मिक जीवनाचा आरंभच भयाच्या प्रसंगातून झाला. 2 जुलै 1505 रोजी स्टॉटर्नहाइमजवळ तो वादळात सापडला. वीज कोसळताच त्याने संत अॅनाला संन्यास घेण्याचे वचन दिले आणि त्याच महिन्यात कायद्याचे शिक्षण सोडून एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात प्रवेश केला. 1507 मध्ये पहिली मिस्सा अर्पण करताना आपण ईश्वराच्या सान्निध्याने हादरून गेलो होतो, असे त्याने पुढे सांगितले. या आठवणी उत्तरायुष्यातील असल्याने त्यांचा वापर सावधपणे करावा लागतो. मात्र 1518 मधील एक समकालीन पुरावा महत्त्वाचा आहे. 30 मे 1518 रोजी आपला वरिष्ठ व मार्गदर्शक योहान फॉन स्टाउपिट्झ याला लिहिलेल्या पत्रात ल्यूथर कबूल करतो की, ‘पश्चात्ताप’ हा शब्द पूर्वी त्याला अत्यंत कडू वाटे. खरा पश्चात्ताप ईश्वरावरील प्रेमापासून सुरू होतो, ही स्टाउपिट्झची शिकवण त्याच्या अंतःकरणात बाणासारखी रुतली आणि तोच शब्द त्याला गोड वाटू लागला.

भयाचा व्यवहार व पंच्याण्णव सिद्धान्त

ही वैयक्तिक उलघाल सार्वजनिक प्रश्न बनली ती पापक्षमापत्रांमुळे. मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागतात, या भीतीवर या पत्रांची विक्री आधारलेली होती. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याच्या नावे निघालेल्या सूचनांत खरेदीदाराच्या दर्जानुसार दर ठरविलेले होते. राजे व आर्चबिशप यांच्यासाठी 25 ऱ्हेनिश सुवर्णगुल्डन, तर निर्धनांनी प्रार्थना व उपवास करावेत अशी तरतूद होती.

31 ऑक्टोबर 1517 च्या पंच्याण्णव सिद्धान्तांची चर्चा करताना आर्थिक शोषणाचा मुद्दा सामान्यतः पुढे येतो. परंतु त्यांतील 14 ते 16 क्रमांकाचे सिद्धान्त थेट भयाविषयी आहेत. मरणासन्न माणसाचे प्रेम जितके अपुरे, तितके त्याचे भय मोठे. आणि हे भयच शुद्धिस्थानाच्या यातनेसाठी पुरेसे आहे, असे ल्यूथर तेथे सुचवितो. शुद्धिस्थानाची यातना अशा रीतीने अंतःकरणात आली की पैशाने ती चुकविण्याचा मार्गच उरत नाही. ल्यूथरचा आक्षेप केवळ भयाच्या बाजारावर नसून भय बाजारात विकत घेऊन शमविता येते या समजुतीवर होता.

याच काळात त्याने आणखी टोकाची भूमिका घेतली. नरकाच्या भीतीने केलेली पापांची उजळणी माणसाला दांभिक बनविते, असे त्याने मांडले. पोप दहावा लिओ याच्या जून 1520 च्या आज्ञापत्रात ल्यूथरची जी 41 मते निषिद्ध ठरविली गेली, त्यांत हेही मत होते.

आग्रिकोलाचा आक्षेप आणि लघुप्रश्नोत्तरी

यापुढील घडामोडी अधिक उद्बोधक आहेत. 1527 मध्ये सॅक्सनीतील खेडोपाडी धर्मसुधारकांनी चर्चची पाहणी सुरू केली. लोकांनी क्षमेचा संदेश स्वीकारला, पण पश्चात्तापाची जाणीव मात्र शिथिल झाली, अशी चिंता सुधारकांना वाटू लागली. म्हणून फिलिप मेलँक्थॉनने धर्मोपदेशकांना आज्ञांचा व ईश्वरी दंडाचा उपदेश करण्यास सांगितले. त्यावर योहान आग्रिकोलाने हरकत घेतली : पश्चात्ताप भयातून नव्हे, न्यायप्रीतीतून उपजतो. हे तर ल्यूथरचेच 1518 मधील म्हणणे होते.

नोव्हेंबर 1527 मध्ये टोरगाव येथे ल्यूथरने या वादात समेट घडवून आणला. दंडाचे भय आणि ईश्वराचे भय यांतील फरक शब्दांत सांगणे सोपे, परंतु प्रत्यक्ष अनुभवात ओळखणे कठीण, अशा आशयाचे मत त्याने त्याच सुमारास मेलँक्थॉनला कळविले होते. भयग्रस्त माणसाला आपले भय दासाचे की पुत्राचे हे कसे कळावे? शास्त्रकारांच्या सुबक वर्गीकरणाला स्वानुभवाने दिलेले हे उत्तर होते.

याचे फलित 1529 च्या ‘लघुप्रश्नोत्तरी’त दिसते. पहिल्या आज्ञेच्या स्पष्टीकरणात ईश्वराचे भय, त्याच्यावरील प्रेम व विश्वास ही तिन्ही एकत्र येतात. पुढील प्रत्येक आज्ञेच्या स्पष्टीकरणाची सुरुवात भय व प्रेम या जोडीने होते. ऑगस्टीनच्या दृष्टान्तात सुई निघून जाते. ल्यूथरच्या घरगुती पाठात मात्र ती दोऱ्याबरोबरच राहते. भयाचे उच्चाटन झाले नाही. त्याला एकटे राहू दिले नाही, इतकेच.

कॅथलिक प्रतिसाद

ट्रेंटच्या परिषदेने नोव्हेंबर 1551 मधील चौदाव्या सत्रात या प्रश्नाचा विचार केला. नरकाच्या भीतीतून आलेला पश्चात्ताप अपूर्ण असला तरी, पाप सोडण्याचा निश्चय व क्षमेची आशा त्यात असल्यास तो दंभ नसून ईश्वराचेच दान आहे, असा निर्णय परिषदेने दिला. तरीही अशा पश्चात्तापात प्रेमाचा अंश आवश्यक आहे काय, यावर कॅथलिक पंडितांत वाद चालू राहिला. अखेर 1667 मध्ये पोप सातवा अलेक्झांडर याच्या कारकिर्दीत दोन्ही पक्षांना परस्परांवर दोषारोप करण्यास मनाई करण्यात आली. प्रश्न सुटला नाही. तो खुला ठेवण्यात आला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, धर्मसुधारणा चळवळीला केवळ भयापासून मुक्तीची चळवळ मानणे अपुरे आहे. भयाच्या विक्रीला विरोध करणारा ल्यूथर बारा वर्षांनी मुलांच्या पाठांतरात भयाला स्थान देतो. आणि भयजन्य पश्चात्तापाचे समर्थन करणारी ट्रेंटची परिषदही त्याला अपूर्णच म्हणते. दोन्ही परंपरांना भयाचा त्याग मान्य नव्हता आणि निव्वळ भयही मान्य नव्हते. खरा मतभेद होता तो भित्र्या माणसाला धीर कोणी व कशाच्या आधारे द्यावा, याविषयी. ‘पापभीरू’ या मराठी शब्दातही भयाचा विषय दंड नसून पाप आहे. या शब्दातील सन्मान टिकतो तो त्या भयाचा कोणी व्यापार करीत नाही तोवरच, हे सोळाव्या शतकाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.