भात पोटरीत यायच्या आधी

आजीची ही गोष्ट सुरू व्हायची ती ऐप्पसी या तमिळ महिन्यातल्या पावसापासून. सन, तारीख, वार यांच्याशी तिचं कधी सख्य नव्हतं. "भात पोटरीत यायचं होतं, घरामागच्या कोल्लैत घोटाभर पाणी होतं आणि तुझा बाप माझ्या कडेवर होता," असं ती सांगायची. मग यायचा तो आवाज. ढगांच्या पोटात कुठेतरी विमान घुमतंय, दिसत मात्र नाही. एकदा पुदु आरू कालव्याच्या अंगाला गेलं, माघारी आलं, पुन्हा गेलं. तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसलेले पुरुष उठून अंगणात आले. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी गोऱ्या सोल्जरांची लॉरी गावातून गेली आणि चिखलात रुतली, ती बैल लावून काढावी लागली.

एवढंच. विमान पडताना आजीने पाहिलं नव्हतं. गावात कुणीच पाहिलं नसावं, पण ते पडलं याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती.

ओरत्तनाडु म्हणजे तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागणारं आमचं गाव. तंजावरच्या भोसल्यांबरोबर जी मराठी घराणी त्या मुलुखात गेली, त्यांतलं आमचं एक. घरात बोलायला मराठी, बाजारात तमिळ. जेवणात मेतकूट आणि डांगर जसं, तसंच ईयाच्या चोंबूत उकळलेलं रसम. कथलाचा तो चोंबू रिकामा चुलीवर राहिला तर वितळून जायचा, म्हणून आम्हा पोरांना त्याच्या जवळपासही फिरकू देत नसत. लग्न होऊन मी पुण्याला आले, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे जाणं चुकलं नाही. आणि गेले की विमानाची गोष्ट ठरलेली.

गोष्ट एक आणि सांगणारे चार, असं झालं की काय होतं ते मोठ्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. आत्या म्हणायची, छे, तेव्हा नवरात्राचा बाहुल्यांचा कोलू मांडला होता, माझ्या हातात प्रसादाच्या सुंडलची वाटी होती. चुलत आजोबांचं म्हणणं, विमान समुद्रात पडलं, अदिरामपट्टिणमच्या पुढे; आपल्याकडे आली ती नुसती बातमी. शेतावरच्या म्हाताऱ्या गड्याने शपथेवर सांगितलं होतं, की ते तळ्यात उतरलं आणि आतून दोघे-तिघे गोरे चालत बाहेर आले. त्यांना त्याच्या आईने नीरमोर, म्हणजे पातळ ताक, दिलं आणि ते त्यांनी उभ्या-उभ्या पिऊन टाकलं. यातलं कुठलं कुणाकडून कुठे शिरलं हे आता मलाही नीट उकलत नाही. नीरमोराची गोष्ट कदाचित आजीनेच पुढे आपल्या गोष्टीला जोडली असेल. तिला कुणी उपाशी गेलेलं चालायचं नाही, गोष्टीतसुद्धा.

एवढं मात्र खरं, की १९४२ साली आमच्या भागाने युद्ध फार जवळून ऐकलं. त्या वर्षी ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले, ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर. त्याच दिवशी बट्टिकलोआच्या समुद्रात ब्रिटिशांचं हर्मिस हे विमानवाहू जहाज बुडालं आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. सिंहल म्हणजे आमच्या किनाऱ्याला अगदी समोर. मद्रास शहर घाईघाईने रिकामं झालं. प्राणिसंग्रहालयावर बाँब पडला तर वाघ-सिंह रस्त्यावर येतील या भीतीने त्यांना गोळ्या घातल्या. मद्रासचे नातेवाईक आमच्याकडे आले, ट्रंका आणि गाद्यांसकट. आजी सांगायची, की रोज सकाळी कॉफीच्या भांड्यांची रांग तिण्णैपर्यंत लागायची आणि त्यातच ब्रह्मदेश पडल्यामुळे रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. ज्यांची माणसं तिकडे व्यापाराला, मजुरीला गेली होती ती काही पायी परत आली, काही आलीच नाहीत. तंजावर म्हणजे भाताचं कोठार, पण त्या कोठारातही त्या साली तांदूळ जपून शिजवला जात होता.

आणि तंजावरला विमानतळ होता. १९४० साली ब्रिटिशांनी तो बांधला. आज तिथे आपल्या हवाई दलाची सुखोई विमानं आहेत, २०२० च्या जानेवारीत 'टायगरशार्क्स' नावाची स्क्वाड्रन तिथे उभी राहिली, तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. पण त्याच धावपट्टीची युद्धातली कहाणी आमच्या गावातही आता फारसं कुणी सांगत नाही. तिचा धागा सिंगापूरपर्यंत जातो. रॉयल एअर फोर्सची ३६ नंबरची स्क्वाड्रन युद्धाआधी सिंगापूरला होती. २६ जानेवारी १९४२ रोजी मलायातल्या एंडाऊजवळ जपानी जहाजांवर हल्ला करायला तिला पाठवलं, ते विल्डबीस्ट नावाच्या जुनाट, दोन पंखी विमानांतून. त्या दिवशी ती जवळजवळ कापली गेली. उरलेले जावा बेटावर गेले आणि मार्चमध्ये तेही संपलं. ती स्क्वाड्रन पुन्हा जन्माला आली ती तंजावरला, २२ ऑक्टोबर १९४२ रोजी. आता हातात विमान होतं वेलिंग्टन, दोन इंजिनांचं. काम होतं पूर्व किनाऱ्यावर गस्त घालायचं, पाणबुड्या शोधायचं. पुढच्या जूनमध्ये त्यांना आफ्रिकेत अल्जीरियाला हलवलं.

ही तारीख मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी आजीची गोष्ट पंचांग पुढ्यात घेऊन पुन्हा आठवली. ऐप्पसी म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. सांबा हंगामातलं भात तेव्हा लावून झालेलं असतं, पोटरीत यायचं असतं. बाबांचा जन्म १९४१ चा, म्हणजे कडेवरचं वय. त्या वर्षीचा दसराही स्क्वाड्रन उभी राहिली त्याच्या आगेमागेच होता, म्हणजे आत्याची सुंडलची वाटीसुद्धा अगदीच बाहेर पडत नाही. आणि आमच्याकडे ऐप्पसीतला पाऊस म्हणजे परतीच्या वाऱ्यांचा पाऊस, दिवसच्या दिवस ढग घरांच्या कौलांवर टेकल्यासारखे खाली असतात. नव्या विमानावर हात बसवणाऱ्या पोरांना वरून जमीन दिसत नसेल आणि खाली भाताची खाचरं, तळी, कालवे सगळं एकाच पाण्याचं दिसत असेल. हे सगळं जुळतं म्हणून ते तसंच घडलं असं मी म्हणत नाही. पण ज्या बाईला आपण "तिला काय कळतंय सन-तारखेचं" म्हणत होतो, तिने शोध घ्यायला चार आठवड्यांची नेमकी जागा आखून दिली होती.

आमच्या गोठ्यात एक पट्टी होती, तिच्याबद्दलही सांगते. हातभर लांब, नखाएवढ्या जाडीची नाही, आणि उचलली तर वजनच नाही. दोन्ही कडा आत वळवलेल्या आणि ओळीने भोकं. तिला कंदील टांगायचा. घरात तिला 'विमानाचं' म्हणत. मी लहानपणी तिच्या भोकांत करंगळी घालून बघायची, एकाही भोकाची कड बोचरी नव्हती. वेलिंग्टन विमानाचा सांगाडा म्हणजे बार्न्स वॉलिस या इंजिनिअरची करामत. ड्यूरॅल्युमिनच्या अशाच हलक्या पट्ट्या तिरप्या एकमेकींत गुंफायच्या आणि वरून कापड ताणून रोगण द्यायचं. टोपली विणतात तसं विणलेलं विमान. म्हणून ती पट्टी विमानाचीच, असा आत्याचा निर्वाळा. मला वाटतं, युद्ध संपल्यावर लष्करी तळांवरचं सामान 'डिस्पोजल'मध्ये गाड्या भरभरून विकलं गेलं, त्यातूनही ती आली असेल. गोठा पाडला तेव्हा भंगारवाला ती घेऊन गेला. तिच्यावर एखादा नंबर खोदलेला आहे का, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

कारण अशा शोधात नंबरला फार मोल. रॉयल एअर फोर्सच्या प्रत्येक विमानाला अक्षरं आणि आकडे मिळून एक क्रमांक असे. विमानाला अपघात झाला की एक कार्ड भरलं जायचं, फॉर्म ११८०, ती कार्डं लंडनमधल्या हेंडनच्या संग्रहालयाने सांभाळली आहेत. स्क्वाड्रनची रोजनिशी वेगळी, कोण कधी उडालं, कधी उतरलं याची, ती लंडनमधल्याच क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. क्रमांक मिळाला तर कार्ड मिळतं, तारीख मिळाली तर रोजनिशीचं पान. तंजावरचा मराठी माणूस कागदाला नवखा नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांतून आमच्याच लोकांनी राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा हिशेब वाचून काढला आहे. पण त्या कार्डावर गावाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असणार, आणि तळं, खाचर, बैल लावून काढलेली लॉरी यातलं काही नसणार. ते फक्त आमच्याकडे आहे.

गावकऱ्यांच्या तोंडच्या गोष्टीवरून विमान सापडल्याची उदाहरणं आहेत. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या छबुआकडे निघालेलं 'हॉट ॲज हेल' नावाचं अमेरिकन बी-२४ विमान हिमालयात हरवलं. आत आठ जण होते. अरुणाचलातल्या दामरोहच्या बाजूला, उंच डोंगरात, ते २००६ मध्ये क्लेटन कूल्स या अमेरिकन माणसाला सापडलं. हा स्वतःच्या खर्चाने डोंगर पालथे घालणारा माणूस, आणि त्याला वाट दाखवणारे तिथलेच शिकारी. सरकारी नोंदीत 'बेपत्ता' असलेली ती जागा त्या लोकांच्या नेहमीच्या बोलण्यातली होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथून मिळालेले अवशेष दिल्लीहून मानाने अमेरिकेला गेले.

परक्याची विचारपूस आमच्या गावाला नवी नाही. आमचं गाव ज्यासाठी ओळखलं जातं ते मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजी महाराजांनी बांधलं, आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावाने, १८०२ च्या सुमारास. रामेश्वरला जाणाऱ्या वाटसरूला तिथे पोटभर जेवण मिळे. अशी छत्रं आपल्याच हाती राहू द्यावीत म्हणून महाराजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिलं. वाटसरूला अन्न, आजाऱ्याला वैद्य, अडलेल्या बाईचं बाळंतपण हे तर त्यात आहेच, पण जो छत्रात मरेल त्याचे अंत्यविधी त्याच्या-त्याच्या रीतीप्रमाणे केले जातात, असंही आहे. आमच्या शिवारात परका माणूस मेला, तर तो कोण होता हे विचारणं आमच्याकडे आलं, असं मी त्यातून समजते. आजीही गोष्ट संपवताना हेच म्हणायची: कुणाच्या पोटचं होतं पोर, कळलं नाही गं.

कळण्याची सोय आहे. दक्षिणेत ठिकठिकाणी पुरलेल्या सैनिकांच्या कबरी पुढे एकत्र करून चेन्नईत नंदंबाक्कमला युद्धस्मशान केलं, दुसऱ्या महायुद्धातल्या साडेआठशेहून जास्त जणांचं. मी तिथे गेले होते. गवत छान कापलेलं, झाडं मोठाली. शिळेवर नाव, हुद्दा, दलाचं चिन्ह, तारीख आणि बऱ्याच ठिकाणी वय. वीस, बावीस, एकवीस. शेजारशेजारच्या शिळांवर एकच तारीख दिसली की पाय थांबतो, कारण एका विमानातली माणसं सहसा जवळजवळ ठेवतात. आणि चुलत आजोबांचं खरं असेल, विमान समुद्रातच गेलं असेल, तर त्या पोरांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकाच्या भिंतीवर असतील. ज्यांना कबर नाही अशा चोवीस हजारांहून जास्त जणांची नावं तिथे आहेत, त्यांत दक्षिण आणि पूर्व आशियातल्या आभाळात व समुद्रात हरवलेले वैमानिकही. ज्या शहरातून त्यांची स्क्वाड्रन उखडली गेली, त्याच शहरात.

या सगळ्या नोंदी आता कुणालाही पाहता येतात. कमी आहे ती इकडची बाजू, आणि ती सांगणारी माणसं आता नव्वदीत आहेत. माझी आजी, आत्या, चुलत आजोबा, तिघेही गेले. म्हणून ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, अदिरामपट्टिणम या बाजूची, किंवा तंजावरात मूळ असून आता पुण्या-मुंबईत राहणारी कुणी हे वाचत असतील तर त्यांना विनंती आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि युद्धातल्या विमानाबद्दल विचारा. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, मधे न टोकता, दुरुस्त न करता लिहून घ्या. आणि हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.