आभासी संगणकांचे स्थलांतर : बिघाड आणि उपाय

एका संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या साह्याने उभारलेला दुसरा संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन अर्थात आभासी संगणक. ज्या यंत्रावर तो चालतो ते 'यजमान', तर त्यात चालणारी विंडोज वा लिनक्स ही 'पाहुणी' प्रणाली. या दोहोंच्या मध्ये राहून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कची वाटणी करणारे सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर.

व्हीएमवेअर कंपनीने २००३ मध्ये 'व्हीमोशन' ही सोय आणली आणि चालू असलेला आभासी संगणक बंद न करता दुसऱ्या यजमानावर हलवणे शक्य झाले. २००५ पर्यंत 'झेन'नेही हे तंत्र आत्मसात केले. २००७ मध्ये 'केव्हीएम' लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेऊन परवान्यांची पद्धत बदलली, तेव्हापासून अनेक संस्था आपले सर्व्हर अन्य हायपरव्हायजरवर नेण्याचा विचार करू लागल्या. बँकांचे व्यवहार आणि रुग्णालयांच्या नोंदी अशाच यंत्रांवर असतात. त्यामुळे हलवलेले यंत्र नव्या जागी कोसळले, तर प्रश्न केवळ तंत्रज्ञाचा राहत नाही.

बिघाडाचे मूळ बहुधा एकच असते. सुरू होताना पाहुणी प्रणाली भोवतालचे हार्डवेअर तपासते आणि पुढे तेच कायम राहील असे गृहीत धरते. स्थलांतरात हे गृहीतक मोडते.

प्रोसेसरची पिढी बदलते तेव्हा

प्रोसेसर आपल्याला कोणत्या सूचना समजतात, याची यादी 'सीपीयूआयडी' या सूचनेद्वारे सांगतो. प्रणाली आणि प्रोग्राम ही यादी सहसा सुरुवातीलाच वाचतात. इंटेलच्या २०११ मधील 'सँडी ब्रिज' पिढीत 'एव्हीएक्स' या सूचना आल्या. त्या वापरणारा प्रोग्राम चालू अवस्थेतच त्याआधीच्या प्रोसेसरवर नेला, की पुढची एव्हीएक्स सूचना 'अवैध' ठरते आणि प्रोग्राम बंद पडतो. अशी सूचना प्रणालीच्या गाभ्यात आली, तर संपूर्ण यंत्रच कोसळते.

एकाच मॉडेलचे दोन सर्व्हर घेतले म्हणजे धोका टळला, असेही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेलने 'हॅसवेल' पिढीतील 'टीएसएक्स' सुविधेत दोष असल्याचे जाहीर केले आणि मायक्रोकोडच्या सुधारणेद्वारे ती बंद केली. परिणामी, सुधारणा बसवलेला आणि न बसवलेला असे दोन सर्व्हर बाहेरून सारखे दिसत असले, तरी पाहुण्या प्रणालीच्या दृष्टीने वेगळे ठरले.

यावर उपाय म्हणजे समूहातील सर्वांत जुन्या प्रोसेसरला जेवढे समजते तेवढेच सर्व पाहुण्यांना दाखवणे. व्हीएमवेअरमध्ये २००८ पासून यासाठी 'ईव्हीसी' ही सोय आहे. केव्हीएममध्ये 'होस्ट-पासथ्रू'ऐवजी त्या जुन्या पिढीचे नाव असलेले सीपीयू मॉडेल निवडावे. अगदी प्राथमिक मॉडेल मात्र टाळावे. त्याने सुरक्षितता मिळते, पण सांकेतिकीकरणासारखी कामे मंदावतात. हा बदल केल्यावर आभासी संगणक पूर्णपणे बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. आतून 'रीस्टार्ट' केल्याने भागत नाही. इंटेलवरून एएमडीवर जायचे असेल, तर यंत्र बंद करूनच न्यावे.

हायपरव्हायजरने जुळणी नसल्याचे सांगून स्थलांतर नाकारले, तर तो इशारा मानावा. तपासणी बंद करून यंत्र पुढे रेटणे हेच पुष्कळदा कोसळण्याचे कारण असते.

डिस्क सापडत नाही तेव्हा

बंद करून हलवलेल्या यंत्रात प्रोसेसरपेक्षा डिस्कचा कंट्रोलर अधिक त्रास देतो. विंडोज सुरू होताना, आधीपासून बूटसाठी नोंदलेलेच ड्रायव्हर वापरते. कंट्रोलर 'आयडीई'वरून 'व्हर्टआयओ'वर गेला आणि त्याचा ड्रायव्हर नसेल, तर निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' हा संदेश झळकतो. अशा वेळी डिस्क पुन्हा जुन्या प्रकारच्या कंट्रोलरला जोडावी. सोबत व्हर्टआयओची एक छोटी रिकामी डिस्क द्यावी, विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर बसवावा आणि यंत्र बंद करून मग मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्यावी.

लिनक्समध्ये हीच अडचण 'कर्नल पॅनिक' म्हणून समोर येते किंवा यंत्र आपत्कालीन कन्सोलवर थांबते. बूटच्या वेळी लागणारे ड्रायव्हर 'इनिटरॅमएफएस' या फाइलमध्ये असतात आणि ती अनेकदा जुन्या हार्डवेअरपुरतीच बनवलेली असते. स्थलांतरापूर्वी व्हर्टआयओसह ती नव्याने बनवावी. डिस्कच्या नोंदी 'एसडीए' अशा नावांनी असल्यास त्याऐवजी यूयूआयडी वापरावा. नव्या जागी तीच डिस्क 'व्हीडीए' होऊ शकते.

फर्मवेअरही जुळावे लागते. बायोसवर बसवलेली प्रणाली यूईएफआयच्या यंत्रात सहसा सुरूच होत नाही आणि उलटही तेच घडते. नव्या यंत्राची रचना करतानाच मूळ प्रकार निवडणे, हा यावरचा सोपा मार्ग. नेटवर्क कार्ड बदलल्यास यंत्र कोसळत नाही, पण जुना आयपी पत्ता जुन्याच कार्डाच्या नावावर राहतो. सर्व्हर चालू असूनही कोणाला दिसत नाही, याचे हे नेहमीचे कारण आहे.

हलवण्यापूर्वी

मूळ यंत्राचा प्रोसेसर प्रकार, फर्मवेअर, डिस्क कंट्रोलर आणि आयपी पत्ता यांची नोंद करावी. यंत्र 'सस्पेंड' अवस्थेत नेऊ नये, कारण त्या अवस्थेत जुन्या प्रोसेसरची स्थितीही साठवलेली असते. स्नॅपशॉट आधी विलीन करून घ्यावेत. स्नॅपशॉट मूळ डिस्कवरच विसंबून असतो, म्हणून त्याला बॅकअप समजू नये. प्रत्यक्ष स्थलांतराआधी डिस्कची एक प्रत नव्या यजमानावर नेटवर्क तोडून चालवून पाहावी.

स्थलांतर यशस्वी झाल्यावरही मूळ यंत्र लगेच पुसू नये आणि दोन्ही यंत्रे एकाच वेळी नेटवर्कवर चालू ठेवू नयेत. दोन्हीकडे नोंदी होऊ लागल्या, तर खरी प्रत कोणती हे ठरवणे अशक्य होऊन बसते. नव्या जागी रोजचे व्यवहार काही दिवस सुरळीत चालल्याची खात्री होईपर्यंत मूळ यंत्र बंद अवस्थेत जपून ठेवणे, हाच परतीचा एकमेव खात्रीचा मार्ग असतो.