घरातील उपचारांचा कचरा: कायदा काय सांगतो आणि तुम्ही काय करावे?

इन्सुलिनची सुई, साखर तपासण्याची लॅन्सेट, जखमेचे ड्रेसिंग, लघवीची पिशवी या वस्तू आता फक्त रुग्णालयात दिसत नाहीत. मालवणपासून कणकवलीपर्यंत अनेक घरांत त्या रोज वापरल्या जातात. रुग्णालयाच्या कचऱ्यासाठी कडक नियम आहेत. घरातल्या कचऱ्याची काळजी मात्र बरीचशी तुम्हालाच घ्यावी लागते.

रुग्णालयांसाठी नियम काय आहेत?

भारतात याविषयीचे पहिले नियम १९९८ मध्ये आले. त्यांच्या जागी २८ मार्च २०१६ रोजी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम लागू झाले. मोठे रुग्णालय असो, गावातला दवाखाना, लॅब किंवा रक्तदान शिबिर, हे नियम सर्वांना लागू आहेत. कचरा जिथे तयार होतो तिथेच तो वेगळा करावा लागतो:

- पिवळी पिशवी: रक्त लागलेला कापूस, ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधे
- लाल: सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे
- पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा: सुया, ब्लेड
- निळा: काचेच्या बाटल्या

प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. महाराष्ट्रात यावर प्रदूषण नियंत्रण मंडळ देखरेख ठेवते.

घरातल्या सुयांचे काय?

२०१६ च्याच घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातील वापरलेल्या सुया, सिरिंज आणि मुदत संपलेली औषधे यांना 'घरगुती घातक कचरा' ठरवले. हा कचरा वेगळा ठेवून संकलन केंद्रावर द्यावा, असे त्यात सांगितले होते. पण हे नियम मुख्यतः शहरी भागासाठी होते आणि सिंधुदुर्गातील बहुतेक घरे खेड्यांत आहेत. त्यामुळे सुया परड्यात पुरल्या जातात, जाळल्या जातात किंवा व्हाळात टाकल्या जातात.

हे तिन्ही उपाय घातक आहेत. सुई जळत नाही आणि प्लास्टिकचा धूर विषारी असतो. किनारपट्टीवर विहिरीचे पाणी फार खोल नसते. रुग्णालयाला नाइलाजाने कचरा खड्ड्यात पुरावा लागला, तरी खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान ६ मीटर खाली असावे लागते. व्हाळात टाकलेली सुई पावसात खाडीत आणि तिथून किनाऱ्यावर येऊ शकते. तिथे रापण ओढणारे अनवाणी असतात.

सुई टोचल्यास धोका किती?

बाधित व्यक्तीच्या रक्ताची ताजी सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता १०० पैकी ३० पर्यंत असू शकते. एचआयव्हीची शक्यता साधारण १,००० पैकी ३ असते. सुई जुनी झाल्यावर धोका कमी होतो, पण हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस टिकू शकतो.

घरी काय करावे?

- फिनेल किंवा डिटर्जंटची रिकामी, जाड प्लास्टिकची, झाकणाची बाटली सुयांसाठी ठेवा. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही.
- वापरलेली सिरिंज सुईसकट थेट बाटलीत टाका. दुसऱ्याला टोचलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नका.
- बाटली पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी लावा आणि वर 'वापरलेल्या सुया' असे लिहा. ती मुलांपासून दूर ठेवा.
- पुढच्या तपासणीला जाताना दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही बाटली घेतील का, ते विचारा. शहरात नगर परिषदेकडे किंवा नगर पंचायतीकडे चौकशी करा.
- ड्रेसिंग आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून, ओल्या कचऱ्यापासून वेगळे द्या.
- उरलेली औषधे शौचालयात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

कुणाला सुई टोचलीच तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. ती दाबू नका, चोखू नका. लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळणारी औषधे गरज असल्यास शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीच्या लसीबद्दलही विचारा.

गावात संकलनाची सोय नसेल तर ग्रामसभेत ती मागा. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला तुमच्या घरातली सुई टोचू नये, याची सुरुवात त्या एका बाटलीपासून होते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या उपचारांबाबत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.